मुद्राराक्षसाचा नवा अवतार

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी छापील पुस्तकातल्या चुकांचे खापर लेखक आणि मुद्रक दोघेही एका तिसऱ्याच इसमाच्या माथी फोडून मोकळे होत. त्या इसमाचे नाव मुद्राराक्षस. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्राचे पान चिकटवले की राक्षसाची शांत झाली, असे समजले जाई. पुढे खिळे गेले, जुळारी गेले, शाईचा वासही गेला, आणि आमच्या पिढीची अशी समजूत झाली की त्यांच्याबरोबर तो राक्षसही गेला असावा. वाचकहो, तो गेलेला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी आणि त्याची समोरासमोर गाठ पडली. त्या भेटीत माझ्या हातून एक नुकसान झाले, आणि त्यातून माझे एक मत बनले. दोन्ही सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठी विषय घेऊन तृतीय वर्षात शिकणाऱ्या मुलीने संगणकावर लिहावे याचे काहींना हसू येईल. ‘वार्षिकाला कविता दे, ललित दे, हे कसले रूक्ष लेखन?’ असे एका मैत्रिणीने म्हटलेही. पण माझे म्हणणे नेमके हेच आहे की हा विषय जितका संगणकवाल्यांचा आहे, तितकाच, किंबहुना थोडा अधिक, आपला आहे.

‘कमवा व शिका’ योजनेत मी रोज दोन तास ग्रंथालयात काम करते. ग्रंथालयाची जुनी यादी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. ती नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “अगं, तुझं मराठी चांगलं आहे, तू सरांच्या मदतीला बस.” सर म्हणजे संगणक शिकवणारे आमचे अधिव्याख्याते. काम दोन दिवसांचे, असा सर्वांचा अंदाज होता. पहिल्या दिवशी सायंकाळी यादी नव्या घरी पोचली. आम्ही ती उघडली आणि पाहतच राहिलो. इंग्रजी पुस्तके जशीच्या तशी होती. मराठी पुस्तकांच्या जागी मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’, चार पायांच्या किड्यासारखे एक चिन्ह, जपानी येनचे चिन्ह, असल्या गोष्टींच्या रांगाच रांगा. ग्रंथालयातले मामा मागून डोकावून म्हणाले, “हे तर मुंग्या चालल्यासारखं दिसतंय.” मला यापेक्षा चांगले वर्णन अजून सुचलेले नाही. जपानी लोकांनी या प्रकाराला ‘मोजिबाके’ असे नावच ठेवले आहे. मोजि म्हणजे अक्षर, आणि बाके म्हणजे रूप पालटणे, भुताने पालटावे तसे. त्यांच्याकडे एकाच भाषेसाठी संगणकात अनेक संकेत चालत, म्हणून हे भूत त्यांना आपल्याआधी भेटले.

हे का होते ते समजून घेण्यास फार गणित लागत नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा याचा करार म्हणजे संकेत. गोम अशी की असे करार एक नसून अनेक आहेत. इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६३ साली ‘ॲस्की’ हा करार झाला, त्यात १२८ आकडे होते. त्यात आपल्याला जागा नव्हती. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात ‘इस्की’ नावाचा करार झाला. भारतीय मानक म्हणून त्याचे रूप १९९१ साली ठरले. त्यात आपल्या ‘म’ला २०४ हा आकडा आहे. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, परंतु ‘म’चा आकडा झाला २३५०. एवढा मोठा आकडा संगणकाच्या एका घरात मावत नाही, कारण एका घरात ० ते २५५ एवढेच आकडे बसतात. यावर केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली तोड काढली, तीही म्हणे न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखाली अंथरायच्या कागदावर लिहून. तिचे नाव यूटीएफ-८. या रीतीने आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. ‘म’ होतो २२४, १६४, १७४.

आता हे तीन आकडे वाचणाऱ्याला जर वाटले की समोरचा मजकूर पश्चिम युरोपच्या ‘लॅटिन-१’ या करारात लिहिलेला आहे, तर तो प्रत्येक आकडा सुटा वाचतो. त्या करारात २२४ म्हणजे रेघवाला ‘ए’, १६४ म्हणजे ते किड्यासारखे चलनचिन्ह, आणि १६५ म्हणजे येन. देवनागरीचे स्वर, व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांची सुरुवात २२४, १६४ अशी होते. दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या उकार, मात्रा आणि पायमोडक्याची २२४, १६५ अशी. म्हणून मुंग्यांच्या रांगेत दर तिसऱ्या ठिकाणी तोच ‘ए’ दिसतो. हे एकदा कळले की मुंग्या पाहूनच सांगता येते, ‘बाबा रे, हे मराठी आहे, फक्त चुकीच्या कराराने वाचले गेले आहे.’ मजकूर बिघडलेला नसतो, वाचणारा चुकलेला असतो. मोडीतला कागद बालबोध समजून वाचायला बसावे, तसला हा प्रकार.

एकंदर तीन तऱ्हांचे दुखणे मी त्या सुट्टीत पाहिले. त्यांतले पहिले हे, मुंग्यांचे. दिसायला ते सर्वांत भयंकर, पण बरे होणारे. सरांनी मला एक सोपी परीक्षा शिकवली. पडद्यावर काय दिसते त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण पडदाही कोणत्या तरी करारानेच वाचतो. माहितीकोशाला सरळ विचारायचे, ‘हा शब्द किती घरांत ठेवला आहेस?’ ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. उत्तर पंधरा आले तर मजकूर शाबूत आहे, दोष केवळ दाखवण्यात आहे. उत्तर तीस-एकतीस आले तर चुकीने वाचलेला मजकूर पुन्हा एकदा लिहिला गेला आहे, म्हणजे दुधात पाणी घालून परत आटवायला ठेवले आहे. तो उलट फिरवावा लागेल. आणि उत्तर पाच आले तर देवाचे नाव घ्यावे. त्याविषयी पुढे सांगते.

आमचे उत्तर एकतीस आले. सरांनी मजकूर उलट फिरवला, मराठी अवतरले, आणि मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थोड्या लवकर झाल्या. संतवाङ्मयाचा विभाग उघडला तर तिथे ‘तकाराम’, ‘कनाथ’ आणि ‘जञानेशवर’ बसलेले. नामदेव, जनाबाई आणि चोखामेळा मात्र धडधाकट. संतांमध्ये असा पंक्तिप्रपंच करणारा कोण, याचा शोध घेता कळले की या पश्चिमी करारांचे प्रकारही एकाहून अधिक आहेत. विंडोजच्या प्रकारात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही पाच घरे रिकामी आहेत. जाताना आम्ही वापरलेल्या कोष्टकात ती भरलेली होती, येताना वापरलेल्या कोष्टकात रिकामी. पहिल्या उकाराचा तिसरा आकडा नेमका १२९, पायमोडक्याचा १४१, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. म्हणून तुकारामांचा उकार गेला, ज्ञानेश्वरांची जोडाक्षरे सुटली, एकनाथ महाराजांचे पहिले अक्षर गळाले. नामदेवांच्या नावात यांतले काहीच नाही, म्हणून ते सुखरूप राहिले. सुदैवाने मुंग्यांची मूळ प्रत आम्ही जपून ठेवली होती. योग्य कोष्टकाने पुन्हा फिरवली आणि सर्व संत घरी आले.

यातली एक गोष्ट माझ्या मनात ठसली. सर संगणकात निष्णात आहेत, पण त्यांचे शिक्षण दुसऱ्या राज्यात झालेले. ‘तकाराम’ हे नाव त्यांच्या नजरेला खटकले नाही. ते मला खटकले. यंत्राने तर काम यशस्वी झाल्याचा निरोपच दिला होता.

आता दुसरे दुखणे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण येथे दोष माझा आहे. यादीत देणगी म्हणून आलेल्या पुस्तकांचा एक स्वतंत्र तक्ता होता. त्यात दात्याचे नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ असा रकाना. हा तक्ता नेण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले. मी तो नेला. वरच्या वीस-पंचवीस नोंदी पाहिल्या, त्या संस्थांच्या होत्या, इंग्रजीत लिहिलेल्या, ठीक दिसल्या. जुना संगणक रद्दीत द्यायचा होता. मी तो बाईंना विचारून साफ केला. आठ दिवसांनी कोणीतरी तक्ता खालपर्यंत उघडला. खाली मराठी नावांच्या जागी होती ओळीने प्रश्नचिन्हे. किती घरे लागली ते पाहिले तर प्रत्येक चिन्हाला एकेक. हेच ते ‘पाच’ उत्तर.

झाले होते असे. नव्या तक्त्यातला तो रकाना लॅटिन-१ कराराचा बनला होता. त्या करारात देवनागरीला जागाच नाही. मुंग्यांच्या वेळी यंत्राने निदान मूळ आकडे जपले होते. येथे त्याला ठाऊक होते की येणारा मजकूर मराठी आहे, आणि हेही ठाऊक होते की आपल्याकडे त्याला जागा नाही. म्हणून त्याने प्रत्येक चिन्ह काढून टाकले आणि तिथे ६३ हा आकडा, म्हणजे प्रश्नचिन्ह, ठेवले. सावधगिरीचा एक नियम चालू असता तर त्याने नोंद नाकारली असती. तो नियम काम लवकर उरकावे म्हणून बंद केलेला होता. असे प्रकार जगभर का होत आले याचे एक कारण मला पुढे कळले. मायएसक्यूएल हा फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा माहितीकोश आहे. २०१८ साली त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत, करार कोणता ते सांगितले नाही तर तो लॅटिन-१ धरी आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश भाषेचा लावी, कारण तो जन्मला स्वीडनमध्ये. त्यात वाईट हेतू काही नाही. न सांगणाऱ्याच्या बाबतीत ते आपले घर धरून चालले, इतकेच. न सांगणारे आपण.

चार प्रश्नचिन्हे म्हणजे कोण? कमला असेल, सुमन असेल, दिनू असेल. नावाची लांबी उरली, नाव गेले. जगातला कोणताही तज्ज्ञ त्या चार प्रश्नचिन्हांतून सुमन परत आणू शकत नाही.

त्याच सुमारास एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन ग्रंथालयात आले. पत्नीच्या स्मरणार्थ पूर्वी कधी त्यांनी पुस्तके दिली होती, ती नातवाला दाखवावीत एवढीच इच्छा. पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या फेरबांधणीत निघून गेल्या होत्या. मी यादीत पाहू लागले, पडद्यावर ‘कै.’च्या ठिकाणीही प्रश्नचिन्हेच होती. ते पडद्याकडे पाहत होते. मी काही बोलण्याआधी तेच शांतपणे म्हणाले, “असू द्या बाळ, मी नाव सांगतो, तुम्ही लिहून घ्या.” बाईंनी त्यांना खुर्ची दिली. मी कागदावर नाव लिहून घेतले.

त्यानंतर सुट्टीचे उरलेले दिवस मी दाखल नोंदवही घेऊन बसले आणि तक्ता हाताने पुन्हा भरला. निळ्या शाईने लिहिलेली ती जाड वही संगणकाहून विश्वासू निघाली. मात्र तिची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. त्या पानांवरच्या दात्यांची नावे, आणि ज्यांच्या स्मरणार्थ त्यांनी पुस्तके दिली त्यांची नावे, आता कोठेच नाहीत. ते गृहस्थ आले म्हणून एक नाव परत मिळाले. जे आले नाहीत, त्यांचे काय? वाळवीने निम्मे काम केले होते, उरलेले निम्मे मी केले.

तिसरे दुखणे सर्वांत कमी दिसते, आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपण सारे वापरतो. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला, त्यामागे ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले होते, अशी परंपरागत कथा आहे. तिच्या खरेखोटेपणाची चर्चा इतिहासाच्या प्राध्यापकांनी करावी. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे ‘धरावे’च्या जागी मुंग्या किंवा प्रश्नचिन्हे आली असती तर गारद्यांनी परत माणूस पाठवून विचारले असते. ‘मारावे’ हा शब्द वाचता येतो, त्याला अर्थ आहे, म्हणूनच अनर्थ झाला. जे वाचता येते, त्याविषयी कोणी शंका घेत नाही.

आमच्याकडे असे झाले की यादीत काही अदृश्य चिन्हे आहेत आणि त्यांमुळे शोध नीट लागत नाही, असे लक्षात आले. ती सर्व काढून टाकण्याची आज्ञा आम्ही यंत्राला दिली. यादी स्वच्छ झाली. महिन्याभराने भूगोलाचे सर हसत हसत आले. “सह्याद्रीत दर्या केव्हापासून आला हो?” विषयसूचीत ‘दऱ्याखोरी’च्या जागी ‘दर्याखोरी’ झाले होते. मग पाहतो तो ‘शेतकऱ्यांचे’ झाले होते ‘शेतकर्यांचे’, आणि ‘विद्यार्थ्यां’च्या रफाराला मात्र काही झाले नव्हते. कारण असे की मराठीतला तो अर्धा ‘र’ युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पायमोडका. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, पायमोडका आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. आम्ही कचरा म्हणून जे झाडून टाकले, तेच दरीला समुद्रापासून वेगळे ठेवणारे चिन्ह होते. हा अर्धा ‘र’ हिंदीत लागत नाही, इंग्रजीत नाही. तो आपला आहे, आणि तो हरवला तर आपल्याखेरीज कोणाला कळणार?

‘ॲ’चेही तसेच. आपण ॲड., ॲरिस्टॉटल असे लिहितो. युनिकोडात या अक्षराला स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ साली. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले, कोणी हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरला. डोळ्यांना पहिले दोन प्रकार एकच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द. एकच ग्रंथकार यादीत तीन ठिकाणी बसतो, आणि एका ठिकाणी शोधणाऱ्याला उरलेली पुस्तके ग्रंथालयात नाहीतच असे वाटते. नावांची काटछाटही याच जातीची. रकाना तीस घरांचा असेल तर इंग्रजी नावाची तीस अक्षरे बसतात, मराठीची फक्त दहा चिन्हे. ‘लक्ष्मणशास्त्री’ या नावात पंधरा चिन्हे आहेत. तीस घरांच्या रकान्यात ते शिरले की ‘लक्ष्मणशास’ एवढेच उरते. मोडी लिपीला युनिकोडात २०१४ साली जागा मिळाली, पण तिच्या प्रत्येक अक्षराला यूटीएफ-८ मध्ये चार घरे लागतात. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसते ‘यूटीएफ८’ म्हणत, त्यात तीनच घरांची सोय होती. चार घरांचा वेगळा प्रकार २०१० पासून मिळू लागला, पण तो मागून घ्यावा लागे. उद्या आपल्या इतिहास विभागाने मोडी कागदांची सूची मोडीतच करायची ठरवली, तर हा प्रश्न दारात उभा राहील.

या सगळ्यावर मला दोन उत्तरे नेहमी ऐकायला मिळतात. पहिले असे की, ‘एवढी कटकट कशाला? यादी रोमन अक्षरांत करावी, कधी बिघडायची नाही.’ रोमन अक्षरांत काळे, काले आणि कळे यांचे सर्वसाधारण लेखन एकच होते. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’ यांतला भेद तिथे पहिल्याच पायरीवर संपतो. तीही प्रश्नचिन्हेच, फक्त सभ्य कपड्यांतली. मराठी ग्रंथालयाने मराठी पुस्तकाचे नाव मराठीत ठेवू नये, हे उत्तर नव्हे, ही शरणागती आहे.

दुसरे उत्तर असे की, ‘हे काम संगणकवाल्यांचे, कलाशाखेने त्यात पडू नये.’ यावर माझा सर्वांत जास्त आक्षेप आहे. करार बदलणे, आकडे फिरवणे हे त्यांचे काम, कबूल. पण ‘तकाराम’ चुकले आहे हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नसते. दऱ्या आणि दर्या यांतला फरक भाषा जाणणाऱ्यालाच दिसतो. पूर्वी छापखान्यात जुळाऱ्याच्या बरोबरीने मुद्रितशोधक असे. यंत्र कितीही सुधारले तरी त्याची खुर्ची कोणी काढली नव्हती. नव्या यंत्राबरोबर ती खुर्ची मात्र आपण आपखुशीने उचलून बाहेर ठेवली. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकतो. एका पोथीवरून दुसरी पोथी उतरवताना लेखनिकाच्या हातून कसे दोष होतात, कोणते पाठ मूळचे आणि कोणते मागाहून शिरलेले, यावर आम्ही परीक्षेत पाने भरतो. माहितीकोशातून माहितीकोशात मजकूर नेणे हे त्याच पोथीच्या नकलेचे काम आहे. लेखनिक तेवढा बदलला आहे. मग पाठचिकित्सा शिकलेल्याने तिथे पाठ फिरवावी, हे कसे?

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. महाविद्यालयात कोणतीही यादी एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची झाली की आधी विचारावे, ही कोणत्या करारात लिहिली आहे. आणि उत्तर यादीबरोबर लिहून ठेवावे. जुनी प्रत, नव्या प्रतीशी ताळा जुळेपर्यंत पुसू नये. मी पुसली, त्याचे फळ वर सांगितलेच आहे. नेण्याआधी आणि नेल्यानंतर नोंदी मोजाव्यात, प्रश्नचिन्हेही मोजावीत. ती वाढली असतील तर काम तिथेच थांबवावे. अगोदर केवळ दहा शब्द नेऊन पाहावेत आणि ते मुद्दाम अवघड निवडावेत: दऱ्या, ॲड., ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ, झाड, ऐरावत, काळे, लक्ष्मणशास्त्री, आणि दहावा शब्द नेणाऱ्याने आपल्या आजीचे नाव घ्यावे, म्हणजे लक्ष लागते. आणि शेवटी, मराठीच्या विद्यार्थ्याने वहीशी ताडून निदान शंभर नोंदी मोठ्याने वाचाव्यात. सुरुवातीच्या शंभर नव्हेत. मधल्या, शेवटच्या, कुठल्याही.

आपल्या मराठी विभागाने दरवर्षी दोन विद्यार्थी या कामासाठी ग्रंथालयाला आणि कार्यालयाला द्यावेत, असे मी विभागप्रमुखांना या लेखातून विनवते. कार्यालयात तर पुस्तकांची नव्हे, माणसांची नावे असतात. गुणपत्रिकेवर उकार गळालेले नाव घेऊन पुढे आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे करीत हिंडणे काय असते, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच ठाऊक.

शुद्धिपत्राची सोय आता राहिलेली नाही. छापील पुस्तकातली चूक निदान तिथेच राहत असे, पुढच्या वाचकाला ती दिसे, कोणी पेन्सिलीने दुरुस्तही करी. येथे चूक जुन्या मजकुराच्या जागी बसते आणि जुना मजकूर उरतच नाही. म्हणून सावध राहायचे ते आधीच.

त्या गृहस्थांनी सांगितलेले नाव आता यादीत आहे. मी ते लिहिले, नव्या प्रोग्रॅममध्ये भरले, आणि किती घरे लागली ते मोजून पाहिले. बरोबर आले. तरीही तो कागद मी फेकलेला नाही. बाईंनी तो दाखल नोंदवहीत चिकटवून ठेवला आहे.